पिसं झडायच्या दिवसांतलं अंडं

त्यांच्या आणि आमच्या परसाच्या मध्ये एकच भिंत, तीही कमरेएवढी. पलीकडे शेजारच्या ताईचं कोंबड्यांचं खुराडं, अलीकडे माझी कपडे वाळत घालायची दोरी. मी घरीच कपडे दुरुस्तीची कामं करते. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, असलं. लोकांचे कपडे स्वच्छ परत द्यावे लागतात, आणि दर वर्षी थंडीच्या तोंडावर त्या ओल्या कपड्यांवर ताईच्या कोंबड्यांची पिसं येऊन चिकटायची. मी भिंतीवरून ओरडायचे. ताई म्हणायची, "पिसं आहेत ती, डाग नाहीत. झटक, जातील." मी झटकायचे, ती जायची. पुढच्या वर्षी तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून.

गल्लीत तिला सगळे नापासबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी छाती कोणाची नव्हती. मोज्यांच्या कारखान्यात ती तपासणीला होती. समोर पावलाच्या आकाराची लाकडी फळी, तिच्यावर मोजा चढवायचा, उजेडाकडे धरून फिरवायचा, सुटलेला टाका दिसला की डावीकडच्या टोपलीत भिरकावायचा. भिरकावताना ती "नापास" म्हणायची. पुढे ही सवय कारखान्याच्या फाटकातून तिच्याबरोबर घरी आली. टोमॅटो नापास, कोपऱ्यावरच्या घराचा नवा रंग नापास, समोरच्यांचा जावई पहिल्या भेटीतच नापास. मी शिवलेल्या एका कोटाची बाही तिने भर दारात उलटी करून पाहिली आणि माझ्या गिऱ्हाइकासमोर नापास केली. नंतर बघितलं तर खरंच एक टाका सुटलेला. त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, वाढलाच.

बोलणं एक घाव दोन तुकडे. पण एक होतं, ती मागून काही बोलायची नाही. जे असेल ते समोर, आणि तिच्याबद्दलही समोरच्याने तसंच बोलावं असा तिचा हट्ट. "गोड बोलून मला फसवू नका, कडू चालेल," असं ती म्हणायची.

अशा बाईला नवरा मिळाला तो टचिंगवाला. भाऊजी फोटो स्टुडिओत होते. जुन्या काळी निगेटिव्हवर बारीक ब्रशने आणि पेन्सिलीने काम करायचे, त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. देवीचे वण, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, टक्कल, सगळं त्यांच्या ब्रशखाली नाहीसं व्हायचं. एक दोष शोधून पोट भरायची, दुसरे दोष झाकून. लग्न झाल्यावर त्यांनी स्वतःच्या बायकोचा फोटोही हौसेने सजवला आणि तिच्या हनुवटीवरची चामखीळ काढून टाकली. ताईने फोटो हातात घेतला, बघितला आणि विचारलं, "ही कोण?" चामखीळ परत रंगवून आणेपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. हे मला भाऊजींनीच सांगितलं होतं, आणि सांगताना ते फार खूश होते.

माणूस अत्यंत गरीब स्वभावाचा. घरात मीठ कुठे ठेवलंय हे त्यांना आयुष्यात कधी कळलं नाही, कारण कळून घ्यायची वेळच आली नाही. उजाडायला स्टुडिओत, काळोख्या खोलीत दिवसभर, परत यायचे तेव्हा कोंबड्या झोपलेल्या. निवृत्त झाल्यावरही ते परसात फिरकायचे नाहीत. लहानपणी एका कोंबडीने पोटरीला चोच मारली होती, तेव्हापासून त्यांनी त्या जातीशी संबंध तोडला होता. अंड्याच्या वासानेही त्यांना मळमळायचं. अंडं खायची ती एकटी ताई.

कोंबड्या पाच. काळी, ठिपकी, लंगडी, भित्री आणि सासूबाई. सासूबाई हे नाव पिढीजात होतं. जी सगळ्यात दांडगी, दाण्याला आधी चोच लावणारी, तिला ते मिळायचं, आणि ती गेली की पुढचीला. ताईची खरी सासू हयात असताना परसात हाक मारली की दोघी वळून बघायच्या. कोंबडा मात्र तिने कधी ठेवला नाही. "घरात एक आहे तेवढा पुरे," ती म्हणायची, "आणि तोही आरवत नाही."

मोज्यांना जी नजर लावायची तीच ती कोंबड्यांना लावायची, फक्त निकाल उलटा. दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्या पिसं टाकतात. आधी मानेची जातात, मग छातीची, पाठीची, शेवटी शेपटीची. तुरा फिका पडून आक्रसतो, आणि अंडं बंद होतं. "अंग नवं करतायत त्या," ताईने मला एकदा भिंतीपलीकडून सांगितलं होतं. "एका वेळी एकच काम जमतं, अंडं नाहीतर पिसं. माणसांनाही तेवढंच जमतं, पण माणसं कबूल करत नाहीत." त्या दिवसांत ती त्यांना हात लावायची नाही. नवी पिसं कातडीतून काड्यांसारखी वर येतात, धरलं की दुखतं. आणि हिवाळ्याच्या तोंडावर जी कोंबडी गुबगुबीत, नीटनेटकी दिसेल तिला ती नापास करायची. "ही कामचुकार. जिने वर्षभर अंडी दिली ती आत्ता भिकारणीसारखीच दिसणार." साऱ्या जगात ही एकच तपासणी मी पाहिली जिथे फाटका माल पास व्हायचा.

ते दोनेक महिने ती अंड्यावाचून राहायची. दुकानातलं तिला चालत नसे. कोणी दिलं, कधी दिलं, काय खाऊन दिलं, काही पत्ता नसलेली वस्तू पोटात घालायची नाही म्हणायची. दिवस मोठे होऊ लागले, सासूबाईचा तुरा लाल झाला, की पहिलं अंडं यायचं. ते ती तळहातावर घेऊन भिंतीशी यायची आणि मला दाखवायची. "पास," एवढंच म्हणायची. वर्षातून एकदाच तिच्या तोंडून तो शब्द यायचा, म्हणून मी हातातलं काम टाकून जायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यापासूनच ती वाळत चालली होती. कुशीत दुखायचं. तिने ते बरेच दिवस पोटातच ठेवलं, आणि शेवटी हॉस्पिटलात नेलं तेव्हा पोट उघडून डॉक्टरांनी तसंच पुन्हा शिवून टाकलं. आत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेक परगावी नोकरीला असते, ती धावत आली होती. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, एका मोडक्या व्हीलचेअरजवळ, डॉक्टरांनी तिला आणि भाऊजींना सांगितलं की थंडी निघाली तर निघाली. लेकीने तिथल्या तिथे ठरवलं, आईला सांगायचं नाही. "ती खचेल," लेक म्हणाली.

मला हे सांगितलं गेलं कारण रोज सकाळी तिचं अंग पुसायला, वेणी घालायला मी जाणार होते. खचेल म्हणे. समोरच्यांच्या जावयाला तोंडावर नापास करणारी बाई! पण मी परकी, माझं कोण ऐकतं. शब्द दिला आणि गप्प बसले. ताईला सांगितलं गेलं की आतड्याला गाठ होती, काढली, थंडीभर विश्रांती घे, पुढे ठणठणीत. घरात सगळी अळीमिळी गुपचिळी.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट निराळीच होती. लेक राहिली असती तर आईला संशय आला असता. म्हणून लेक चार दिवसांत निघून गेली. जाताना ताई तिला म्हणाली, "आत्ता रजा फुकट घालवू नकोस गं. थंडी सरली की महिनाभर ये. मी हिंडती फिरती असेन, तुला माझ्या हातचं काही खायला तरी मिळेल." लेक हो म्हणाली आणि पायऱ्या उतरली. मी खिडकीतून बघत होते. गल्लीच्या टोकाला जाऊन ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली, बराच वेळ. मग गेली.

आणि ताई बिछान्यावर पडल्या पडल्या बेत करायला लागली. नवी पिल्लं आणायची. खुराडं एका फळीने वाढवायचं. लेकीच्या खोलीत पडदे नवे लावायचे, ते मी शिवायचे, आणि या वेळी टाके नीट घालायचे. मी हो हो म्हणत वेणी घालायचे. केस हातात फार थोडे यायचे.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं आणि रोज एक अंडं द्यायला सांगितलं होतं. अंडं अर्थातच घरच्या कोंबडीचं, दुसरं ती खाणार नाही. ताई हॉस्पिटलात असल्यापासून खुराडं भाऊजींच्या गळ्यात पडलं होतं. ते दारातूनच दाणे फेकायचे आणि दार लावून घ्यायचे. कोंबड्या दाण्यांवर तुटून पडल्या की मागून हात घालून अंडी काढायचे. सुरुवातीला मिळाली. मग एक दिवस नाही मिळालं, दुसऱ्या दिवशी नाही, आणि खुराड्यात बघतात तर जमिनीवर पिसांचा सडा. ठिपकीची मान उघडी पडलेली. सासूबाई एका कोपऱ्यात अंग चोरून उभी, तुरा पांढुरका. या माणसाने जन्मात कधी झडती कोंबडी पाहिली नव्हती. आणि कानात डॉक्टरांचं बोलणं ताजं होतं.

त्यांना वाटलं, कोंबड्याही चालल्या.

हे त्यांनी मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. एक गोष्ट झाकून ठेवणाऱ्याला दुसरीबद्दल कोणाला विचारायचीही भीती वाटते. त्यांनी गुपचूप दुकानातून अंडी आणली. ती पांढरी, ताईच्या कोंबड्यांची तपकिरी. मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. कडक चहात अंडं बुडवून ठेवलं, पुसलं, आणि कपाटातला बारीक ब्रश काढून त्यावर रंगाचा हात फिरवला. बुडाशी गडद, टोकाशी फिका, मध्ये दोन चार ठिपके, कुठे किंचित घाण लागल्यासारखं. पूर्वीच्या फोटोंवर केलं नसेल इतकं जीव ओतून ते काम केलं. मग ते अंडं स्वेटरच्या आत काखेत धरून ऊबदार करायचं आणि ताईच्या हातात द्यायचं. "हे बघ, ठिपकीचं." ती ऊब हातात घेऊन क्षणभर डोळे मिटायची. मग ते स्वयंपाकघरात जाऊन उकडायचे, सोलायचे आणि बशीत घालून आणायचे. रंग टरफलाबरोबर कचऱ्यात.

बरेच दिवस हे खपलं, कारण औषधांच्या गुंगीत ताईला दिवस वर आहे की खाली हेही कळत नव्हतं. पुढच्या खोलीत तिचा पलंग, खिडकी रस्त्याची, पडदा लावलेला. परस तिथून दिसत नाही. मीही सकाळी वेणी घालून लगेच परत यायचे, अंड्याची वेळ माझ्यानंतरची. मला काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मला उशीर झाला. ताईची नजर बऱ्याच दिवसांनी स्वच्छ होती. मी तिच्या पाठीशी बसून केस विंचरत होते, तेवढ्यात भाऊजी आत आले. स्वेटरमधून अंडं काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं. "ठिपकीचं," ते म्हणाले. माझ्या मनात आलं, या दिवसांत अंडं? आणि तोंडातून शब्द जायच्या आत मी तो गिळला. भाऊजींच्या कोपराला एक आखूड पीस चिकटलं होतं. ताईने हात लांब करून ते काढलं, बोटांत फिरवलं, आणि अंडं त्यांना परत दिलं. ते उकडायला गेले.

"दिवस लहान झाले का गं?" तिने विचारलं.

"झाले."

"तुझ्या कपड्यांवर पिसं येतात?"

"येतात थोडी."

"मग यंदा तू भांडायला कशी आली नाहीस?"

मी खरोखरच भांडले नव्हते. रोज सकाळी मुकाट्याने पिसं वेचत होते. आजारी माणसावर काय ओरडायचं, असं मला वाटलं होतं. त्या चांगुलपणानेच मी सगळं उघडं पाडलं.

ते पीस पांघरुणावर ठेवून ताई दाराकडे बघत राहिली. भाऊजी बशी घेऊन आले.

"कोणाचं म्हणालात?"

"ठिपकीचं."

"ठिपकीच्या मानेला पिसं आहेत का हो आज?"

त्यांनी बशी माझ्यापुढे केली. मी उठून ती घेतली. ते खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले, "नाहीत. कोणालाच राहिली नाहीत. काय रोग आलाय कोण जाणे. सासूबाई तर कोपरा सोडत नाही. सगळ्या मरायला टेकल्यात. तू अशी पडलेली, त्यात हे तुला कसं सांगू? दुकानातली आणली मी. चहात बुडवली. मग ब्रशने..."

ताई हसायला लागली. कुशीत कळ आली तसं तिने पोट धरलं, तरी हसतच होती. "अहो, इतकी वर्षं माझ्या घरात राहिलात की धर्मशाळेत? दर वर्षी झडतात त्या. जुनी टाकतात, नवी येतात. तेवढे दिवस अंडं नसतं. रोग नाही काही नाही."

"मरत नाहीत?"

"नाही हो. थंडी सरली की बघा, एकेक कशी कोरी करकरीत होईल ती."

भाऊजींचा चेहरा जो उजळला तो मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. कित्येक आठवड्यांचं ओझं उतरल्यासारखे ते खुर्चीत सैलावले. "म्हणजे मी उगाचच..." ते म्हणाले.

"उगाचच. पण हात चांगला आहे अजून. मी तळहातावर घेऊन फसले. काम पास," ताई म्हणाली, "माल नापास."

ते हसले, मीही हसले. बशीतलं अंडं माझ्या हातात तसंच होतं. आणि त्याच आवाजात, हसू अजून पुरतं ओसरलं नव्हतं तोवर, तिने विचारलं, "आणि मी?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. एका अंड्याचा रंग लपवायला त्यांनी चहा, ब्रश, काख, सगळं पणाला लावलं होतं, पण या एका प्रश्नासाठी त्यांनी काही तयार करून ठेवलं नव्हतं. ताईने त्यांना पुरेसा वेळ दिला. मग ती म्हणाली, "कळलं."

पुढे म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मग माझ्याकडे वळून, "तुलाही माहीत होतं. आणि लेकीला?"

"तिनेच ठरवलं," मी म्हणाले.

आता ती संतापली. मरणाची तिने अजून भीतीही धरली नव्हती, आधी राग आला. "मी तिला सांगितलं, रजा फुकट घालवू नकोस. मी सांगितलं, या तोंडाने! आणि ती हो म्हणाली. तुम्ही सगळे इथे उभे राहून ऐकत होतात. थंडी सरल्यावर ती कोणाकडे येणार होती? पडद्यांकडे? तिघंही नापास. निघा माझ्यासमोरून." आम्ही निघालो नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मला वेणीची गाठ मारायची राहिली होती म्हणून मी तिचे केस हातात धरून बसून राहिले. रडून झाल्यावर तिने बशी मागितली. "अन्न आहे, टाकायचं कशाला," म्हणाली, आणि ते दुकानातलं अंडं तिने सगळं खाल्लं.

लेकीला फोन लावायला लावला. "आत्ता ये," एवढंच तिला म्हणाली. लेक दुसऱ्या दिवशी आली आणि मग गेली नाही. दोघी दिवसभर काय बोलायच्या कोण जाणे. कधी भांडल्याचा आवाज यायचा, कधी हसल्याचा. तो आवाज भिंतीपलीकडून ऐकताना मला त्या माणसाच्या खुळ्या रंगकामाचे उपकार वाटायचे, आणि त्याच वेळी आधी फुकट गेलेले दिवस आठवून चीडही यायची.

ताईने पलंग मागच्या खोलीत हलवून घेतला, जिथून खुराडं दिसतं. पिल्लांचा बेत रद्द केला. मग तिने भाऊजींना कामाला लावलं. खिडकीतून हुकूम सुटायचे. "दारातून फेकू नका, त्या काय भिकारी आहेत? आत जा. खाली बसा. हातातून द्या." भाऊजी पँट मोज्यात खोचून, पोटऱ्या वाचवत, आत बसायचे. भित्री कोण, लंगडी कोण, हे त्यांना ओळखता यायला लागलं. "आत्ता धरू नका, दुखतं त्यांना. पुढे दिवस मोठे झाले, तुरा लाल झाला, की पाठीवर हात ठेवून बघा. कोंबडी खाली दबून बसली की समजा, अंड्यावर आली. पळाली तर अजून वेळ आहे. घाई करायची नाही. आणि रंग द्यायचा नाही." शेवटचं वाक्य ती रोज म्हणायची.

एकदा मी ऐकलं, ते विचारत होते, "तू बघशील ना गं तोवर?" आणि ती म्हणाली, "परत खोटं ऐकायचंय का तुम्हाला?" आवाजात राग नव्हता.

कोंबड्यांच्या माना नव्या पिसांनी भरत आल्या होत्या तेव्हा, भर थंडीत, एका दुपारी ती गेली. लेक उशाशी होती, भाऊजी खुराड्यात. मी त्यांना भिंतीवरून हाक मारली आणि ते दाण्यांची मूठ तशीच घेऊन आत आले. ती मूठ उघडायचं त्यांना कितीतरी वेळ सुचलं नाही. भिंतीवर लावायला फोटो निवडला तो चामखिळीचा.

लेक तेरावा उरकून परत गेली. भाऊजी एकटे राहिले. माझं आणि त्यांचं बोलणं भिंतीवरून एखाददुसरं वाक्य, तेही हवेबद्दल. जेवणाचा डबा मी द्यायचे, तो ते धुऊन परत ठेवायचे. दिवस हळूहळू लांबत होते. कोंबड्या खरंच कोऱ्या करकरीत झाल्या. मला त्यांचा राग यायचा, मी खोटं कशाला सांगू. ती गेली आणि या गुबगुबीत.

मग एके सकाळी मी कपडे वाळत घालत होते तर भाऊजी भिंतीशी आले. तळहातावर अंडं. लहानसं, तपकिरी. मी आनंदाने काही म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "हे तुम्ही ठेवलंत?"

"मी?"

"खरं सांगा. मी रागावणार नाही. माणसं दयेपोटी करतात असं. मी केलंय." अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी टरफल घासून पाहिलेलं दिसत होतं. माझ्यासमोर पुन्हा घासलं, वास घेतला. चहाचा वास येतोय का, ते बघत होते.

मला राग आला आणि रडूही आलं. "भाऊजी, मी नाही ठेवलं. कोंबडीने दिलंय ते."

त्यांचा विश्वास बसेना. रंग जात नव्हता तरी बसेना. आपल्या स्वतःच्याच कामाने त्यांना कशावरही विश्वास ठेवण्याजोगं ठेवलं नव्हतं. मी भिंत ओलांडून गेले. "चला," म्हटलं, "तिने काय सांगितलं होतं तुम्हाला? हात ठेवून बघा."

ते खुराड्यात शिरले आणि खाली बसले. सासूबाई समोर होती, तुरा लालभडक. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि तिच्या पाठीवर ठेवला. ती पळाली नाही. पंख जरा पसरून खाली दबून बसली. भाऊजी तसेच हात ठेवून राहिले, जणू उचलला तर ते खोटं ठरेल. "दबली," ते म्हणाले. "बघा, दबली."

मग ते उठले आणि अंडं घेऊन घरात गेले. मी मागोमाग गेले. ते सवयीने मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, पलंगाकडे बघून थांबले, आणि परत स्वयंपाकघरात आले. पाणी ठेवलं, अंडं उकडलं, सोललं, बशीत ठेवलं. मला वाटलं मला देणार. पण ते ओट्याशी उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच एक घास घेतला. ज्या माणसाला वास सहन व्हायचा नाही तो डोळे मिटून चावत होता.

"अळणी आहे," ते म्हणाले. त्यांनी एक डबा उघडला, त्यात साखर. दुसरा उघडला, त्यात चहा. फळीसमोर ते बशी धरून उभे राहिले. "कोंबड्यांचं सगळं शिकवलं हो तिने मला," ते म्हणाले. "मीठ कुठे असतं ते सांगायचं राहिलं."

मी वरच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे हात घालून मिठाची बरणी काढून दिली. त्यांनी चिमूटभर घातलं आणि उरलेलं अंडं उभ्या उभ्याच खाल्लं.